गालियाचं घर

ओमानमध्ये रविवार हा कामाचा वार. २९ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी सकाळी मी पोह्यांची फोडणी करत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण हातात फोन आणि ओळखपत्र घेऊन दारात उभी राहिली. त्यांच्याकडचं नेट गेलं होतं आणि तिला मत द्यायचं होतं. ओमानच्या मजलिस अल शूराची, म्हणजे लोकांनी निवडून द्यायच्या सभागृहाची, ती निवडणूक सगळी फोनवरच होती. ओळखपत्र फोनच्या पाठीला टेकवायचं, स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा, यादीतला उमेदवार निवडायचा. ती आमच्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "या उख्ती (अगं बहिणी), जरा बाजूला हो, तुझं तोंड फोटोत येईल." मी गॅस बारीक करून बाजूला झाले. दोन मिनिटांत तिचं मत गेलं. बोटाला शाई नाही, रांग नाही. पोहे मात्र खाली लागले.

आमच्या दोघींचं हिंदीत चालतं. तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण ती शाहरुखकडून शिकली आणि मी दूरदर्शनकडून. तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. पण "बाईला दिलंस का?" एवढं विचारल्याशिवाय राहवलं नाही. ती हसली. म्हणाली, "मी दिलं. पण बाई येणार नाही बघ."

नाहीच आली. नव्वद जागांपैकी एकीवरही बाई निवडून आली नाही.

हे मी अल हैलमध्ये बसून लिहिते आहे, आणि त्याला कारण आहे. मस्कतच्या पश्चिमेला, विमानतळ मागे टाकून पुढे गेलं की सुलतान काबूस रस्त्याच्या दोन्ही अंगांना अल हैल पसरलेलं आहे. समुद्राकडचं उत्तर अल हैल, आतल्या बाजूचं दक्षिण अल हैल. उत्तरेत अजूनही पहाटे मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या दिसतात, आणि त्यांच्या शेजारीच नव्या व्हिला उभ्या राहतात. हा सगळा भाग सीब विलायतेत येतो. आपल्याकडचा तालुका म्हणा हवं तर. मस्कतला उतरलेल्या जुन्या मराठी माणसांना सीब हे नाव ठाऊक असतं, कारण २००८ पर्यंत विमानतळाचं नावच सीब होतं. पण मला त्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. २०११ साली अख्ख्या ओमानातून शूरावर एकच बाई निवडून आली, नीमा बिंत जमील अल बुसैदी, आणि ती सीबमधून. २०१५ ला पुन्हा एकच बाई, पुन्हा तीच, पुन्हा सीबमधूनच. म्हणजे आठ वर्षं या देशाच्या निवडून आलेल्या सभागृहात जो एकमेव बाईचा आवाज होता, तो आमच्या वाण्याच्या, आमच्या मासळीवाल्याच्या, माझ्या शेजारणीच्या मतांवर गेलेला होता. आपण एखाद्या गावात भाड्याने राहत असलो तरी त्याचा अभिमान वाटायला लागतो, तसं माझं झालं.

त्या डिसेंबरात माझी मावशी सांगलीहून आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका, इतिहासाची. नातीकडे मँचेस्टरला जाऊन आली होती आणि तिथलं नेल्सन स्ट्रीटवरचं ६२ नंबरचं घर पाहून आली होती. एमेलिन पँकहर्स्टचं. त्याच घराच्या बैठकीच्या खोलीत १० ऑक्टोबर १९०३ ला बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी ती गाजलेली संघटना सुरू झाली. मावशी त्या खोलीबद्दल इतकं बोलली, की आपल्याच वाड्यातली माजघराची खोली आहे असं वाटावं. म्हणाली, "अगं, केवढीशी खोली! आपल्या हळदीकुंकवालासुद्धा पुरायची नाही." अमेरिकेत रोचेस्टरला सुझन अँथनीचं घर आहे, त्याच्या दिवाणखान्यात तिला १८७२ मध्ये अटक झाली, मत दिल्याच्या गुन्ह्यासाठी. न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला केट शेपर्डचं घर आहे. तिथे १८९३ च्या मताधिकाराच्या अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून लांबच लांब गुंडाळी केली होती, केरसुणीच्या दांड्याभोवती गुंडाळलेली. जगात बायकांच्या मताधिकाराची स्मारकं बघायला गेलं की घरंच सापडतात. सभागृहं बाप्यांची, मग बायका जमणार कुठे? घरातच.

"मग तुमच्याकडे असं घर कुठलं?" मावशीने विचारलं.

तुमच्याकडे म्हणजे मस्कतकडे. मी इथे एकोणीस वर्षं आहे, त्यामुळे सांगलीकरांच्या लेखी मी ओमानचीच झाले आहे. मी म्हटलं, मताधिकाराचं असं घर इथे नाही. पण एका बाईने बांधलेलं घर आहे. चल.

तर आम्ही तिघी निघालो, शेजारीण, मावशी आणि मी. अल हैलपासून जुन्या मस्कतला गाडीने पाऊण तास. कुरूम ओलांडलं, मत्राहचा समुद्रकाठचा रस्ता आला, रियाम बागेवरचं धूपदाणीच्या आकाराचं ते भलंमोठं पांढरं बांधकाम आलं, आणि मग डोंगराच्या कुशीतलं जुनं मस्कत. दोन पोर्तुगीज किल्ले, जलाली आणि मीरानी, मध्ये अल आलम राजवाडा. त्याच्या जवळच शंकराचं जुनं देऊळ, जिथे महाशिवरात्रीला आम्ही मंडळी रांग लावतो. आणि त्याच गल्ल्यांमध्ये बेत फरांसा. बेत म्हणजे घर, फरांसा म्हणजे फ्रान्स.

पांढऱ्या भिंती, जाड कोरीव दार, आत चौक आणि चौकाभोवती वरपर्यंत खोल्या. मावशी चौकात उभी राहून वर बघत म्हणाली, "हा तर वाडाच आहे." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. उन्हाळा, पडदा आणि मोठं कुटुंब हे तिन्ही सांभाळायचं म्हटलं की पुण्यातला काय आणि मस्कतमधला काय, माणूस चौकच काढतो.

हे घर बांधलं गालिया बिंत सालिम हिने, १८२० ते १८४० च्या दरम्यान. ओमान आणि झांजिबारवर राज्य करणाऱ्या सय्यद सईद बिन सुलतान यांची ती पुतणी. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून फार वर्षं झाली नव्हती आणि नायगावात सावित्रीबाईंचा जन्म व्हायचा होता किंवा नुकताच झाला होता, तेव्हा इथे एक बाई स्वतःचा वाडा बांधत होती. पुढे १८९६ मध्ये सुलतान फैसल बिन तुर्की यांनी तो फ्रान्सच्या वकिलाला राहायला दिला. ओत्तावी हा पहिला वकील. १९२० पर्यंत फ्रेंच तिथे होते. १९९२ पासून तिथे ओमान आणि फ्रान्सच्या मैत्रीचं संग्रहालय आहे. आत करार आहेत, गलबतांच्या प्रतिकृती आहेत, जुनी छायाचित्रं आहेत.

पंचवीस-एक वर्षं जे तिथे भाडोत्रीसारखे राहिले त्यांचं नाव घराला लागलं, जिने बांधलं तिचं नाही. मला हे खटकतं आणि मी ते दर वेळी पाहुण्यांना बोलून दाखवते. शेजारीण म्हणाली, "पण लिहिलंय ना तिचं नाव माहितीत." लिहिलंय. पण माहितीत नाव असणं निराळं आणि दारावर असणं निराळं.

चौकातल्या सावलीत बसून मावशीने नेमका प्रश्न काढला. ती शिक्षिका आहे, तिला सुटा तपशील चालत नाही. "बाईने घर बांधलं म्हणजे घर तिच्या मालकीचं होतं?"

इथे शेजारीण बोलायला लागली, आणि मला वाटतं त्या दिवसाचं खरं संग्रहालय तिच्या बोलण्यात होतं. तिने सांगितलं ते असं. शरियतप्रमाणे मुलीला वारसा मिळतो, भावाच्या निम्मा, पण मिळतो आणि तो तिचा असतो. नवऱ्याचा त्याच्यावर हक्क नसतो. लग्नानंतर नावही बदलत नाही. गालिया बिंत सालिम म्हणजे सालिमची लेक गालिया, ती मरेपर्यंत सालिमची लेकच राहते. शेजारीणही तशीच बिंत आहे, आणि तिच्या ओळखपत्रावर नवऱ्याच्या नावाचा पत्ता नाही.

मावशी गप्प झाली. मावशीचं माहेरचं नाव कमल. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने लिहून ते बदललं. आमच्या आजीला तर लग्नाआधीचं स्वतःचं नाव विचारलं की ती लाजायची. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना मतदार याद्यांमधून जवळजवळ २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी यादीत नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको. बहुतेक उत्तरेतल्या होत्या, पण आपण फार ताठ मानेने बोलावं अशी आपली स्थिती नव्हती.

एवढं ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे यांच्याकडे घर होतं, नाव होतं. आणि मत?"

मत नव्हतं. ते १९९४ ला आलं.

सुलतान काबूस सत्तेवर आले २३ जुलै १९७० ला. त्या वेळी देशात तीन शाळा होत्या आणि त्यांत एकही मुलगी नव्हती. तिथून चोवीस वर्षांत मस्कत राजधानी विभागातल्या सहा विलायतींतल्या बायकांना शूरासाठी मत देता आलं, उभंही राहता आलं. दोघी आत गेल्या, शकूर अल गम्मारी आणि तैबा अल मावली. मतदान तेव्हा सगळ्यांसाठी नव्हतं, निवडक लोकांपुरतं होतं. १९९७ ला ते बायकांसाठी देशभर झालं आणि २००३ पासून एकवीस वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येक ओमानी माणसाला मत मिळालं. बायकांनी शूरासारख्या सभागृहात बसण्याच्या बाबतीत आखातातल्या अरब राज्यांत ओमान पहिला. कुवेतमध्ये बायकांना मत मिळायला २००५ उजाडावं लागलं, सौदीत गावपातळीवर का होईना, २०१५.

आता आपलं पाहा. मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं १९२१ साली. त्यासाठी रमाबाई रानड्यांनी मोहीम चालवली होती, त्याआधी १९१९ मध्ये हिराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला जाऊन तिथल्या समितीपुढे बोलून आल्या होत्या. १९२३ च्या सुमारास अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत बसल्यासुद्धा. म्हणजे मत मस्कतच्या आधी त्र्याहत्तर वर्षं. आपण पुढारलेले, असं म्हणून मी चहा प्यायला उठणार होते, पण मावशीने हात धरून बसवलं. "ते मत कुणाला होतं ते सांग ना." तिला पुरतं माहीत होतं.

ते मत मालमत्तेला होतं. जमिनीचा सारा भरणारी, ठरावीक भाड्याचं घर नावावर असणारी बाई असेल तर मत. आणि आपल्याकडे घर नावावर असणाऱ्या बायका किती? मूठभर. कायद्याने बाईला मत दिलं आणि त्याच कायद्याने सांगितलं, आधी घर आण. १९३५ च्या कायद्याने वाट जरा रुंद केली, नवऱ्याची मालमत्ता किंवा स्वतःचं साक्षर असणं चालेल असं म्हटलं. म्हणजे तुझं घर नसलं तरी नवऱ्याच्या घरावर मत दे. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता का होईना वाटा मिळाला तो १९३७ ला, डॉ. जी. व्ही. देशमुखांनी आणलेल्या कायद्याने.

आणि मग १९५१. मला हे साल नेहमी अस्वस्थ करतं. हिंदू कोड बिल, ज्यात मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न होता, ते अडवलं गेलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर महिन्याच्या आत, २५ ऑक्टोबरला, स्वतंत्र भारतातलं पहिलं मतदान सुरू झालं. प्रत्येक बाईला मत, मालमत्तेची अट न घालता. घराचा कायदा मागे राहिला तो राहिलाच. वारसाहक्काचा कायदा झाला १९५६ ला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने मुलीला जन्मतः वाटा हे त्यातही नव्हतंच.

बेत फरांसाच्या चौकात आम्ही हे बोललो तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात ते नीट बसलं. गालियाला घर होतं, मत नव्हतं. माझ्या आजीला मत होतं, घर नव्हतं. कोण पुढारलेलं, ते ज्याने त्याने ठरवावं. मला तरी ते सांगता येत नाही. गालियाचंही फार सोनेरी करून सांगू नये. ती राजघराण्यातली होती, सामान्य कोळ्याची लेक नव्हती. तिची चुलत बहीण सालमे, झांजिबारच्या राजवाड्यात १८४४ ला जन्मलेली, उंटाच्या खांद्याच्या हाडावर चोरून अक्षरं गिरवत लिहायला शिकली. तिलाही वडिलांकडून, आईकडून मिळकत मिळाली होती. पुढे ती एका जर्मन व्यापाऱ्याबरोबर निघून गेली, ख्रिस्ती झाली, आणि मग त्या वारशासाठी उभा जन्म खेटे घालत राहिली. मिळालं नाही. घर तिथेही अटीवरच होतं.

शेजारणीनेही लपवलं नाही. "कायदा आहे, पण भाऊ तोंड फिरवतात म्हणून वाटा न मागणाऱ्या बायका आमच्याकडेही आहेत," ती म्हणाली. आणि मताचं? तिचं म्हणणं असं, की निवडणुकीआधी घराणं जमतं, टोळीतली वडीलधारी माणसं एका नावावर येतात, आणि ते नाव बाईचं असणं अवघड. २००७ ला शून्य, २०११ ला एक, २०१५ ला एक, २०१९ ला दोन. त्यातली एक मत्राहची ताहिरा अल लवाती, दुसरी सहमची फदीला अल रुहैली. आणि २०२३ ला पुन्हा शून्य. दुसरं सभागृह आहे, मजलिस अल दौला, तिथे सुलतान नेमणुका करतात आणि त्यांत बायका बऱ्याच असतात. २००४ साली राविया अल बुसैदी उच्चशिक्षण मंत्री झाल्या. म्हणजे राजाने बायकांना वर बसवलं, लोकांनी बसवलं नाही. आपण हसू नये. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २४ बायका होत्या. संसदेने ३३ टक्क्यांचा कायदा केला तो ओमानच्या या निवडणुकीच्या आदल्याच महिन्यात, आणि तोही जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेच्या खुंटीला टांगलेला.

परत येताना गाडीत मावशी मागे झोपली होती. शेजारणीने मला विचारलं, "तुझ्या वडिलांचं घर आहे ना गावाला? तुझा वाटा किती?"

मला हा प्रश्न आवडला नाही. आता सांगते.

१९९४ हे साल मी आधी सांगितलं, ते ओमानच्या बायकांच्या मताचं. त्याच वर्षी, २२ जून १९९४ पासून, महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः वाटा दिला. देशाच्या अकरा वर्षं आधी. फक्त एक अट होती, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना नाही. माझं लग्न मे १९९३ चं. तेरा महिन्यांनी हुकलं. २००५ ला केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेल्या लेकीही आत आल्या, मीही आले. आणि २००९ च्या उन्हाळ्यात गणूआजोबांनी बांधलेल्या आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घराचे आणि साडेतीन एकरांचे कागद करायचे ठरले, तेव्हा भावाने फोन केला. "ताई, येतेस ना? सही लागेल."

गेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पंख्याखाली बसून हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. भाऊ वाईट नाही. वहिनीने नारायणपेठी साडी नेसवली, पुरणपोळी केली. आमच्याकडे अशीच रीत आहे. बहिणीने हक्क सोडला की माहेर टिकतं, असं म्हणतात. गंमत अशी, की १९९३ ला जो कायदा होता त्यात जन्मतः वाट्याचा हक्कच मला नव्हता, मग तो सोडायला सही कशाला लागली असती? हक्क मिळाला म्हणून तर तो सोडायला सही लागली. त्या दिवशी कचेरीत आमच्या आधी दोन बहिणी होत्या, आमच्या नंतर तिघी. सगळ्यांनी नव्या साड्या नेसलेल्या.

हे मी शेजारणीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू त्याच्या बदल्यात काही मागितलंही नाहीस का?" मागे मावशी जागीच होती. ती म्हणाली, "मीसुद्धा दिलंय गं. माहेरचं सोडलं आणि सासरी नणंदेकडून घेतलंही."

अनिवासी भारतीयांना २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येतं. मी घातलं आहे. पण मत द्यायला स्वतः गावी जाऊन उभं राहावं लागतं, फोनवर होत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेला मी मुद्दाम तिकीट काढून गेले. शेजारणीला हे फार विचित्र वाटलं, एका मतासाठी विमान. मतदान केंद्र आमच्या गावच्या शाळेत होतं. शाई लावून घेतली आणि शाळेच्या पलीकडेच आमचं घर, तिकडे गेले. भावाने चहा केला. पाहुणी म्हणून मला खुर्ची दिली.

अल हैलला परत आल्यावर मी सात-बारा काढून पाहिला. भोगवटादारांत भावाचं नाव आहे. माझं नाव फेरफाराच्या नोंदीत एका ओळीत सापडलं, हक्क सोडल्याचं म्हणून.

मस्कतला आलात तर बेत फरांसा बघाच, आणि दारावरच्या माणसाला गालियाचं घर हेच का म्हणून मुद्दाम विचारा. आणि या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी जाणार असाल, तर निघण्याआधी माहेरच्या जमिनीचा सात-बारा एकदा काढून बघा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो.